बदल केला, पण लागला कुठे?

इमॅक्स या टेक्स्ट एडिटरची ओळख करून देताना जाणकार मंडळी हमखास सांगतात, ‘यात सगळं बदलता येतं.’ म्हणणं खरं आहे, पण नवशिक्याच्या पहिल्या आठवड्यात याहून निरुपयोगी वाक्य सापडायचं नाही. सगळं बदलता येतं हे ऐकूनच तर तो आलेला असतो. त्याची अडचण वेगळीच असते. त्याने कुठेतरी वाचलेली एक ओळ फाइलमध्ये लिहिली, फाइल सेव्ह केली, प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला आणि काहीच झालं नाही. एररसुद्धा नाही. आता ओळ चुकली, की फाइल वाचलीच गेली नाही, की वाचली गेली पण नंतर दुसऱ्या कशाने तरी तिच्यावर बोळा फिरवला, हे कळायला त्याच्याकडे काही मार्ग नसतो. मदतीला आलेला माणूस त्याला दुसरी ओळ देतो. तीही चालली नाही की तिसरी.

पर्याय फार आहेत म्हणून माणूस गांगरतो, असं सर्रास मानलं जातं. मला ते पटत नाही. पर्याय हजारो असले तरी एका वेळी तो एकच बदलत असतो. गांगरतो तो बदलाचा माग लागत नाही म्हणून. त्यामुळे मदतीतला मोठा वाटा माग काढायला शिकवण्याचा असावा आणि तयार ओळी पुरवण्याचा कमीत कमी. इमॅक्समध्ये तर हे फारच जाणवतं, कारण जीएनयू इमॅक्स 1985पासून लोकांच्या हाती आहे आणि त्याच्याबद्दलचे सल्लेही तेव्हापासून साचत आलेत. शोधून सापडलेली ओळ पंधरा वर्षांपूर्वी अगदी बरोबर असू शकते. आज ती चालेलच असं नाही, आणि ती कधीची आहे हे तिच्याकडे बघून ओळखता येत नाही.

पहिला प्रश्न नेहमी हाच असावा: प्रोग्रॅम नेमकी कोणती फाइल वाचतोय? ‘तुझी सेटिंगची फाइल दाखव’ असं म्हटलं की नवशिका ज्या फाइलमध्ये लिहिलं ती दाखवतो. ती वाचली जाते का, हा प्रश्न तसाच राहतो. इमॅक्सची ही फाइल होम फोल्डरमध्ये ‘डॉट इमॅक्स’ या नावाने असू शकते, ‘डॉट इमॅक्स डॉट डी’ या फोल्डरात ‘इनिट डॉट ईएल’ म्हणून असू शकते, किंवा 27व्या आवृत्तीपासून ‘डॉट कॉन्फिग’मधल्या ‘इमॅक्स’ या फोल्डरातही चालते. सगळ्या एकदम वाचल्या जात नाहीत. एक सापडली की बाकीच्यांकडे इमॅक्स ढुंकूनही बघत नाही. मागच्या कुठल्या तरी प्रयोगातली रिकामी ‘डॉट इमॅक्स’ होममध्ये पडून असेल, तर ‘इनिट डॉट ईएल’मध्ये कितीही लिहा, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. त्यात नावाच्या सुरुवातीला टिंब असलेल्या फाइली बहुतेक फाइल ब्राउझर लपवून ठेवतात, म्हणजे ती पडून आहे हेही दिसत नाही.

इथे अंदाज करत बसू नये. कंट्रोल-एच दाबायचं, मग व्ही, मग ‘यूजर-इनिट-फाइल’ हे नाव टाइप करून एंटर. वाचलेल्या फाइलचा पूर्ण पत्ता समोर येतो. विंडोजवर हा पत्ता पाहून पुष्कळांना धक्का बसतो. ‘होम’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल मुद्दाम दिलेलं नसेल तर इमॅक्स ‘अ‍ॅपडेटा’मधल्या ‘रोमिंग’ या फोल्डराला होम समजतो, आणि नवशिक्याने फाइल ठेवलेली असते स्वतःच्या नावाच्या फोल्डरात. दोघांच्या दृष्टीने होम वेगळं.

पत्ता बरोबर असूनही बदल दिसत नसेल, तर दोन जागा तपासायच्या राहतात. त्या फाइलच्या शेजारी त्याच नावाची, पण ‘ईएलसी’ने संपणारी फाइल आहे का? कधीतरी फाइल कंपाइल केलेली, म्हणजे यंत्राला पटकन वाचता येईल अशा रूपात बदललेली असेल तर इमॅक्स ती कंपाइल केलेली जुनी प्रतच उचलतो. मूळ फाइल तिच्याहून नवी आहे अशी सूचना क्षणभर झळकते खरी, पण ती कोण वाचतं? सेटिंगची फाइल कंपाइल करून वाचणारा वेळ नगण्य असतो, त्यामुळे ‘ईएलसी’ सरळ काढून टाकावी. दुसरी जागा डीमनची, म्हणजे पडद्यामागे सतत चालू राहणाऱ्या प्रोग्रॅमची. इमॅक्स डीमन म्हणून चालू असेल आणि ‘इमॅक्स-क्लायंट’ने खिडकी उघडली असेल, तर कंट्रोल-एक्स कंट्रोल-सी ने फक्त ती खिडकी बंद होते. मागचा इमॅक्स कालच्याच सेटिंग घेऊन चालू राहतो. नवशिका शपथेवर सांगतो की मी बंद करून उघडलं, आणि तो खोटं बोलत नसतो. अशा वेळी ऑल्ट-एक्स दाबून ‘किल-इमॅक्स’ द्यायचं, म्हणजे डीमनच थांबतो. त्याआधी उघड्या फाइली सेव्ह करायला सांगायला विसरू नये. ही आज्ञा विचारत बसत नाही.

फाइलचा प्रश्न मिटला की पुढची पायरी टर्मिनलमधून इमॅक्स ‘वजा क्यू’ लावून उघडणं. क्यू कॅपिटल हवा. छोट्या क्यूने फक्त स्वतःची फाइल टाळली जाते, तर मोठ्या क्यूने त्या मशिनवर सगळ्यांसाठी ठेवलेल्या सेटिंगही टाळल्या जातात. दुखणं इथेही कायम असेल तर ते नवशिक्याच्या फाइलमध्ये नाही, आणि त्याची फाइल मागवून वाचण्यात घालवायचे दोन तास वाचले. दुखणं गेलं तर ते फाइलमध्ये आहे किंवा तिने ओढून आणलेल्या एखाद्या पॅकेजात, म्हणजे इमॅक्सला जोडलेल्या तयार कोडात. मग फाइल अर्धी करायची. अर्ध्या ओळी निवडून ऑल्ट आणि अर्धविरामाचं बटण दाबलं की त्या कॉमेंट होतात, म्हणजे इमॅक्स त्या वगळून पुढे जातो. पुन्हा उघडायचं, दुखणं कोणत्या अर्ध्यात राहिलं ते बघायचं, त्या अर्ध्याचं पुन्हा अर्धं. 400 ओळींची फाइल असली तरी नऊ फेऱ्यांत एका ओळीपर्यंत येता येतं. फक्त कापताना कंसाच्या मधोमध कापू नये. पहिल्या रकान्यात उघडणारा कंस दिसतो तिथेच कापावं. आणि दोन ओळी एकत्र आल्यावरच बिघडत असेल तर या पद्धतीत दोन्ही अर्धी निर्दोष सुटतात. असं झालं की दोन पॅकेजेस एकाच बटणावर किंवा एकाच हूकवर (ठरावीक प्रसंगी आपोआप चालणाऱ्या आज्ञांच्या यादीवर) हक्क सांगतायत का, ते बघायचं.

आता एक अगदी साधी वाटणारी मागणी. ‘टॅब चार जागांचा करायचाय.’ इमॅक्समध्ये आलेल्या जवळजवळ प्रत्येकाला हे हवं असतं, आणि घाईने दिलेलं उत्तर जवळजवळ दरवेळी चुकतं, कारण या एका वाक्यात तीन निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात. फाइलमध्ये आधीच असलेलं टॅबचं अक्षर पडद्यावर किती रुंद दिसावं, हे ‘टॅब-विड्थ’ ठरवतं. मुळात ते 8 असतं. नव्या ओळीला आत सरकवताना टॅबचं अक्षर घालायचं की मोकळ्या जागा, हे ‘इंडेंट-टॅब्ज-मोड’ ठरवतं. आणि कोड किती आत सरकावा, हे त्या त्या भाषेचा मोड (त्या भाषेसाठीचं इमॅक्सचं वागणं) स्वतःच ठरवतो: पायथनसाठी ‘पायथन-इंडेंट-ऑफसेट’, जावास्क्रिप्टसाठी ‘जेएस-इंडेंट-लेव्हल’, सीसाठी ‘सी-बेसिक-ऑफसेट’. शिवाय टॅबचं बटण इमॅक्समध्ये बहुतेक वेळा टॅब घालतच नाही. ते चालू ओळ तिच्या योग्य जागी नेऊन बसवतं. दुसऱ्या एडिटरमधून आलेला माणूस बटण पाच वेळा दाबतो, ओळ जागची हलत नाही, आणि त्याला वाटतं सेटिंग लागली नाही. म्हणून आधी विचारावं: कोणत्या भाषेची फाइल आहे, बटण दाबल्यावर काय झालं आणि काय व्हायला हवं होतं? उत्तरातून तीनपैकी कोणती गोष्ट हवी आहे ते लगेच कळतं.

समजा त्याला टॅबऐवजी मोकळ्या जागा हव्या आहेत. तो फाइलमध्ये ‘सेट-क्यू’ लावून ‘इंडेंट-टॅब्ज-मोड’ला ‘निल’ (म्हणजे ‘नाही’) देतो. ओळ बिनचूक, फाइल बरोबर, एरर नाही, तरी नव्या फाइलमध्ये टॅबच येतात. कारण हे व्हेरिएबल, म्हणजे नाव दिलेली ही किंमत, दर बफरमध्ये (इमॅक्समध्ये उघडलेल्या प्रत्येक मजकुरात) वेगळी राहू शकते. साध्या ‘सेट-क्यू’ने ते फक्त त्या क्षणी चालू असलेल्या बफरमध्ये बदलतं, आणि इमॅक्स उघडताना तो बफर म्हणजे ‘स्क्रॅच’. बाकी सगळ्यांसाठी ‘सेट-क्यू-डीफॉल्ट’ लागतं. ‘टॅब-विड्थ’ आणि ‘फिल-कॉलम’ यांचंही तेच. हे नियम पाठ करायला लावण्यापेक्षा कंट्रोल-एच व्ही ने त्या व्हेरिएबलचं पान उघडायला शिकवावं. या बफरमधली किंमत काय, बाहेरची काय, ते बफरपुरतं आहे का, सगळं तिथे लिहिलेलं असतं. एकदा ते पान वाचायची सवय लागली की पुढचे कितीतरी प्रश्न विचारलेच जात नाहीत.

एवढं करूनही एकाच प्रोजेक्टमध्ये बदल लागत नसेल, तर त्या प्रोजेक्टच्या फोल्डरात ‘डॉट डिर-लोकल्स डॉट ईएल’ आहे का ते बघायचं. किंवा ‘डॉट एडिटरकॉन्फिग’. 30व्या आवृत्तीपासून ती वाचण्याची सोय इमॅक्समध्येच आली आहे. प्रोजेक्टने सांगितलेलं स्वतःच्या फाइलवर मात करतं, आणि तसंच व्हायला हवं. तिथे नवशिक्याला जिंकून देऊ नये.

हा माग काढण्याचा धंदा इमॅक्सपुरता नाही. विम या एडिटरमध्ये ‘व्हर्बोज सेट शिफ्टविड्थ’ लिहून पुढे प्रश्नचिन्ह दिलं की किंमत तर दिसतेच, ती शेवटची कोणत्या फाइलने दिली तेही दिसतं. फाइलींमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये ‘गिट कॉन्फिग’ला ‘लिस्ट’ आणि ‘शो-ओरिजिन’ हे दोन पर्याय लावले की प्रत्येक सेटिंगच्या डाव्या बाजूला तिची फाइल येते. कमिटवर (नोंदवलेल्या बदलावर) जुना ईमेल का येतोय, याचं उत्तर बहुधा तिथेच सापडतं. व्हीएस कोड या एडिटरमध्ये यूजरच्या सेटिंगवर वर्कस्पेसच्या सेटिंग चढतात हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं, पण एका भाषेपुरती दिलेली सेटिंग ही सर्वसाधारण सेटिंगला हरवते, मग ती सर्वसाधारण सेटिंग वर्कस्पेसमध्ये का असेना, हे ठाऊक नसतं. एक्स्टेंशनांपैकी दोषी कोण ते शोधायला तिथे ‘एक्स्टेंशन बायसेक्ट’ ही आज्ञाच दिलेली आहे, तीच अर्धं-अर्धं करण्याची रीत. नवं सॉफ्टवेअर शिकवायला घेताना मी आधी एवढंच शोधेन: यात ‘ही किंमत कुठून आली’ असं विचारायची सोय कोणती, आणि सगळं बाजूला ठेवून कोरं उघडायचं कसं.

एरर दिसली तर खरं तर आनंद व्हायला हवा, पण नवशिका ती वाचायच्या आधीच बंद करतो. इमॅक्सच्या फाइलमध्ये मधेच चूक झाली की तिच्या पुढचं काहीच वाचलं जात नाही. आधीचं मात्र लागू झालेलं असतं. म्हणून ‘अर्ध्याच सेटिंग चालतायत’ असं कोणी म्हणालं की ‘डीबग-इनिट’ हा पर्याय देऊन इमॅक्स उघडायला सांगावं, म्हणजे कुठे अडलं ते दिसतं. एररचे प्रकार तसे मोजकेच भेटतात. ‘एंड ऑफ फाइल ड्युरिंग पार्सिंग’ म्हणजे बंद करणारा कंस कमी पडला. ‘इनव्हॅलिड रीड सिंटॅक्स’ आणि पुढे कंस, म्हणजे एक जास्त झाला. दोन्हींसाठी फाइल उघडून ‘चेक-पॅरेन्स’ ही आज्ञा द्यावी. डोळ्यांनी कंस मोजू नयेत. ‘कॅनॉट ओपन लोड फाइल’ म्हणजे पॅकेज टाकलेलंच नाही किंवा नाव चुकलं. व्हेरिएबल ‘व्हॉइड’ असल्याची तक्रार असेल आणि नाव ‘ऑर्ग-मोड-मॅप’सारखं असेल, तर ऑर्ग (टिपणं ठेवायचा मोड) अजून लोड व्हायचा आहे आणि ओळ त्याच्या आधीच धावली, तिला ‘विथ-इव्हॅल-आफ्टर-लोड’मध्ये घालायचं. ‘इनव्हॅलिड रीड सिंटॅक्स’च्या पुढे ‘स्ट्रेंज क्वोट’ दिसलं, किंवा 27च्या आधीच्या इमॅक्समध्ये ‘व्हॉइड’च्या तक्रारीत नावाच्या आधी वाकडं अवतरणचिन्ह दिसलं, तर ओळ वेब पानावरून चिकटवली आहे आणि त्या पानाने सरळ अवतरणचिन्हं देखणी करून ठेवली आहेत. ती पुन्हा हाताने टाइप करावीत.

दुसऱ्याची अख्खी फाइल उचलून देणं हा मदतीचा सगळ्यात सोपा प्रकार, आणि माझ्या मते सगळ्यात वाईट. दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा घालून थोडा वेळ चालता येतं, पण ठेच लागली की दगड कुठे होता ते कळत नाही. त्या फाइलमधल्या तीनशे ओळींपैकी नवशिक्याला वीस हव्या असतात, आणि त्या वीस कोणत्या हे दोघांनाही सांगता येत नाही.

डूम इमॅक्स किंवा स्पेसमॅक्ससारख्या, इमॅक्सच्या सेटिंग आणि पॅकेजेस आधीच जुळवून दिलेल्या तयार संचांचं वेगळं आहे. त्यांच्यामागे माणसं आहेत, त्यांचं स्वतःचं दस्तावेजीकरण आहे, आणि ज्याला आजच्या आज काम करायचंय त्याने ते घ्यावेत. अट एकच, मदत मागताना आणि देताना संचाचं नाव पहिल्या वाक्यात यायला हवं, कारण साध्या इमॅक्सची उत्तरं तिथे लागू होतातच असं नाही. डूममध्ये नवं पॅकेज हवं तर त्याचं नाव ‘पॅकेजेस डॉट ईएल’मध्ये लिहून टर्मिनलमध्ये ‘डूम सिंक’ चालवावं लागतं. नेहमीच्या ‘पॅकेज-इन्स्टॉल’ने टाकण्याची तिथे रीत नाही. स्पेसमॅक्सची गंमत आणखी निराळी. जे पॅकेज त्याच्या फाइलमध्ये नोंदवलेलं नाही ते तो अनाथ समजून पुढच्या वेळी उघडताना काढून टाकतो. हे माहीत नसेल तर ‘काल टाकलेलं पॅकेज आज नाही’ या तक्रारीवर दिवसभर डोकं खाजवावं लागेल. संच करून बघायचा असेल आणि आपली फाइलही राखायची असेल, तर 29व्या आवृत्तीपासून ‘इनिट-डिरेक्टरी’ हा पर्याय आहे. वेगळ्या फोल्डरचा पत्ता देऊन उघडा, जुन्याला हात लागत नाही.

लिहायचंच नसेल त्याच्यासाठी ‘कस्टमाइझ’चे पडदे आहेत. जुनी मंडळी त्यांना नाकं मुरडतात, ते मला पटत नाही. किंमत कोणत्या प्रकारची चालते हे तिथे निवडूनच द्यावं लागतं, त्यामुळे नवशिका बऱ्याच चुकांपासून वाचतो. दोन गोष्टी तेवढ्या आधी सांगाव्यात. ‘अप्लाय’ने बदल फक्त चालू सत्रापुरता होतो, ‘अप्लाय अँड सेव्ह’ने टिकतो. आणि टिकवलेलं सगळं सेटिंगच्या फाइलमध्येच ‘कस्टम-सेट-व्हेरिएबल्स’ नावाच्या एका गठ्ठ्यात जाऊन बसतं. हाताने लिहिलेली ओळ वर आणि हा गठ्ठा तळाशी असेल, तर एकाच व्हेरिएबलसाठी गठ्ठ्याचं चालतं. असे दोन गठ्ठे मात्र कधीच असू नयेत. दुसऱ्याची फाइल आपल्या फाइलखाली चिकटवली की नेमकं तेच होतं. ‘कस्टम-फाइल’ या व्हेरिएबलला वेगळ्या फाइलचा पत्ता देऊन गठ्ठा तिकडे हलवणं चांगलं. पण ती फाइल ‘लोड’ करायची ओळही लिहावी लागते. पुष्कळ जण पहिलं करतात आणि दुसरं विसरतात.

पॅकेजेसबद्दल थोडक्यात. फाइल सापडत नाही अशी एरर डाउनलोड करताना आली, तर बहुधा आपल्याकडची यादी शिळी झालेली असते आणि त्या आवृत्तीची फाइल तिकडून हललेली असते, ‘पॅकेज-रिफ्रेश-कंटेंट्स’ द्यावं. जुन्या इमॅक्समध्ये पॅकेजची सही पडताळताना अडलं, तर 2019मध्ये मुदत संपलेली ईएलपीएची (इमॅक्सच्या अधिकृत पॅकेज-भांडाराची) किल्ली आठवावी. तिच्यासाठी ‘जीएनयू-ईएलपीए-कीरिंग-अपडेट’ नावाचं पॅकेजच आहे. आवृत्ती क्रमांकाच्या जागी तारीख दिसली तर ते पॅकेज मेल्पा या दुसऱ्या भांडारावरून आलेलं आहे, म्हणजे लेखकाच्या ताज्या कोडमधून थेट बांधलेलं. कालपर्यंत चालणारं आज मोडलं असेल तर संशय आधी तिकडे.

बटणांच्या बाबतीत नवशिक्याला एक हक्क आहे, तो त्याला सांगितला जात नाही. कंट्रोल-सी आणि नंतर एक अक्षर, तसंच एफ-5 ते एफ-9, ही बटणं वापरणाऱ्यासाठी राखीव आहेत. नीट लिहिलेल्या पॅकेजने त्यांना हात लावायचा नसतो. स्वतःच्या आज्ञा तिथेच बांधाव्यात, म्हणजे भांडणं कमी. तरीही एखादं बटण भलतंच काही करू लागलं तर कंट्रोल-एच के देऊन ते बटण दाबावं. ते सध्या कोणाच्या ताब्यात आहे ते कळतं. आणि नवशिका ‘मी काय दाबलं माहीत नाही, पण सगळं बदललं’ असं म्हणाला, तर कंट्रोल-एच एल. शेवटची दाबलेली बटणं आणि त्यांनी चालवलेल्या आज्ञा तिथे ओळीने हजर असतात.

सगळं चालायला लागलं की निरोप घेण्याआधी दोन कामं करून घ्यावीत. सेटिंगच्या फोल्डरात गिट सुरू करून द्यावं, त्यातून पॅकेजेसचा ‘ईएलपीए’ फोल्डर वगळावा आणि प्रत्येक बदलाला वेगळा कमिट असू द्यावा. दुसरं काम कंटाळवाणं आहे. प्रत्येक ओळीच्या वर ती कशासाठी आहे ते एका वाक्यात लिहायचं, स्वतःच्या शब्दांत. जिच्यावर लिहायला काही सुचत नाही ती ओळ कॉमेंट करून आठवडाभर काम करून बघावं. नवी आवृत्ती आली की या वाक्यांचा उपयोग कळतो. ‘यूज-पॅकेज’ हे पॅकेज 29व्या आवृत्तीत इमॅक्सबरोबरच यायला लागलं, ‘विच-की’ 30व्यात; ते आणून बसवण्याच्या ओळी तेव्हापासून नकोशा झाल्या, पण आपल्या फाइलमध्ये त्या नेमक्या कोणत्या हे ठाऊक असेल तरच बिनधास्त काढता येतात. कोणत्या आवृत्तीत काय आलं, काय गेलं, ते कंट्रोल-एच आणि मग कंट्रोल-एन दाबल्यावर उघडणाऱ्या पानावर असतं; मोठी आवृत्ती बदलली की एकदा ते पान आणि आपली फाइल शेजारी-शेजारी ठेवून वाचावी.